‘तेरावी’ नावाचा वर्ग नसतो

बारावीचा निकाल लागला की नागपुरात पुढचे पंधरा-वीस दिवस एकच प्रश्न ऐकू येतो. "मग, आता पुढे काय?" मावशी फोनवर विचारते, शेजारचे काका फाटकाशी उभे राहून विचारतात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावरचे भाऊही प्लेट हातात देता देता विचारून घेतात. आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "तिथंच, बीएस्सीला." किंवा "तिथंच, बी.कॉम. करून राहिलो." विचारणाऱ्याचं समाधान होतं, आपलंही होतं. बारावीनंतर जणू तेरावी लागली, वर्गखोली तेवढी बदलली.

मित्र-मैत्रिणींनो, आजचा लेख या ‘तिथंच’वर आहे. ज्युनिअर कॉलेज आणि डिग्री कॉलेज यांची पाटी एक असते, गेट एक असतं, कॅन्टीनवालाही एकच असतो. त्यामुळे दोन्ही एकाच गोष्टीचे दोन मजले आहेत असं वाटतं. ते तसं नाही. आणि हा फरक वेळेत न कळल्याची किंमत दरवर्षी पहिल्या वर्षातली मुलं भरतात. कोणी पैशात भरतं, कोणी स्कॉलरशिप गमावून, तर कोणी अख्खं वर्ष घालवून.

मीही पाच वर्षांपूर्वी ‘तिथंच’ म्हणाले होते. बारावीला असताना बोर्डाचा परीक्षा फॉर्म कसा भरला ते मला आजही नीट आठवत नाही, कारण तो मी भरलाच नव्हता. वर्गशिक्षिका यादी घेऊन आल्या, "नावाचं स्पेलिंग बघा, आईचं नाव बघा, सही करा" म्हणाल्या आणि विषय संपला. पदवीच्या पहिल्या सेमिस्टरला परीक्षा फॉर्मची नोटीस ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागली. त्या बोर्डासमोरून मी रोज कॅन्टीनला जायचे. मुदत संपली, नंतरची विलंब शुल्काची मुदतही संपत आली, तेव्हा एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तू फॉर्म भरला ना बे?" त्या दिवशी बाबांकडे विलंब शुल्काचे पैसे मागताना त्यांनी एवढंच विचारलं, "कॉलेजनं सांगितलं नाही का?" सांगितलं होतं. बोर्डावर.

एक गेट, दोन कारभार

फरक समजून घ्यायचा तर आधी कारभार बघावा लागतो. ज्युनिअर कॉलेज, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, शालेय शिक्षण विभागाखाली येतं. अभ्यासक्रम राज्याचा, पुस्तकं बालभारतीची, परीक्षा राज्य मंडळाची. आपल्याकडे ती नागपूर विभागीय मंडळ घेतं. तक्रार असेल तर शिक्षण उपसंचालक कार्यालयात जायचं. कायद्याच्या नजरेनं अकरावी-बारावी हा शाळेचाच शेवटचा टप्पा आहे. म्हणूनच काही ज्युनिअर कॉलेजं शाळेला जोडलेली आहेत, काही डिग्री कॉलेजला आणि काही स्वतंत्र आहेत. सीबीएसईची मुलं तर अकरावी-बारावी शाळेच्याच गणवेशात करतात. इथून थोड्याच अंतरावरच्या छिंदवाड्याला जा, तिथं ज्युनिअर कॉलेज म्हटलं तर समोरचा चक्रावेल. मध्य प्रदेशात ती हायर सेकंडरी स्कूल असते.

डिग्री कॉलेज, म्हणजे वरिष्ठ महाविद्यालय, उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली आणि विद्यापीठाखाली येतं. विद्यापीठाला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ लागू आहे, वरून यूजीसीचे नियम. शिक्षकही वेगळे. ज्युनिअरला शिकवायला पदव्युत्तर पदवीसोबत बी.एड. लागतं. सिनिअरला नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. एक शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन आलेला, दुसरा विषयातल्या संशोधनाच्या वाटेनं आलेला. वर्गात बसलात की हा फरक पहिल्या आठवड्यात जाणवतो.

नकाशासुद्धा वेगळा आहे. नागपूर विभागीय मंडळात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे मात्र यातले पहिले चारच. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. म्हणजे ब्रह्मपुरीची आणि रामटेकची मुलगी बारावीची परीक्षा एकाच मंडळाची देतात आणि आपापल्या गावात राहिल्या तर पदवी दोन वेगळ्या विद्यापीठांची घेतात.

आणि ज्यांना अजूनही सगळं एकच वाटतं त्यांनी प्रवेशाच्या दिवशी बघावं. त्याच आवारात एका खिडकीवर तुम्ही टीसी काढता आणि शेजारच्या खिडकीवर तीच टीसी जमा करता. कॉलेज स्वतःच तुम्हाला सांगतं की तुम्ही इथून गेलात आणि आता नव्यानं आलात. आपण ते लक्षात घेत नाही एवढंच.

हा घोळ आला कुठून?

नागपुरात कॉलेज ही गोष्ट जुनी आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. मॉरिस कॉलेज १८८५ चं, आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. विज्ञानाचं कॉलेज १९०६ चं, आजची शासकीय विज्ञान संस्था. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं दूरच्या विद्यापीठांशी जोडलेली होती. त्या काळात मॅट्रिक झालेला मुलगा थेट कॉलेजात जायचा. आजोबा लोक "आम्ही कॉलेजात गेलो" म्हणतात तेव्हा त्यांच्या मधे ज्युनिअर नावाचा थांबा नव्हता.

कोठारी आयोगानंतर देशभर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि मधली दोन वर्षं कुठं ठेवायची हा प्रश्न उभा राहिला. काही शाळांकडे गेली, काही कॉलेजांकडे, आणि दोन्हींना नाव मिळालं कनिष्ठ महाविद्यालय. शाळेचा कारभार आणि कॉलेजचं नाव, असा हा प्रकार आहे. सोळाव्या वर्षी आपण "मी कॉलेजात आहे" म्हणू लागतो ते याच नावामुळे. मग अठराव्या वर्षी खरं कॉलेज सुरू होतं तेव्हा काही नवीन सुरू झालंय असं वाटतच नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरलाय. म्हणजे पुढेमागे हे नाव राहील की नाही हाही प्रश्नच आहे.

आता कोणी ढकलत नाही

ज्युनिअरची दोन वर्षं एका अर्थी सोपी असतात. विषय ठरलेले, पुस्तक ठरलेलं, वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा. राहिलाच एखादा विषय तर पुरवणी परीक्षा असते. घरी फोन जातो, पालकसभा होते.

पदवीला हे सगळं हळूच काढून घेतलं जातं. पाठ्यपुस्तक नसतं. अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते, ती वाचायची की सीताबर्डीवरून प्रश्नसंच आणायचा हे तुमच्यावर. परीक्षा वर्षातून दोनदा, आपल्या विद्यापीठाच्या भाषेत हिवाळी आणि उन्हाळी. त्यात अंतर्गत गुण असतात. असाइनमेंट द्यायला विसरलात तर पेपर कितीही चांगला गेला तरी ते गुण परत येत नाहीत. विषय राहिला तर एटीकेटी मिळते आणि आपण सुटल्यासारखं वागतो. ती सूट नसते, उधारी असते. पुढच्या सेमिस्टरच्या पेपरांसोबत तो पेपरही द्यायचा असतो.

त्यात आता क्रेडिट आले. महाराष्ट्रात नवं धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशी टोपलीच समोर ठेवली जाते. पहिल्या वर्षानंतर ठरावीक जादा क्रेडिट पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन. हे क्रेडिट जमा होतात ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, त्यासाठी प्रत्येकाचा स्वतःचा आयडी लागतो.

कागदावर यात खूप काही चांगलं आहे. फिजिक्सच्या मुलीला अर्थशास्त्राचा एखादा विषय घेता येतो, हे आपल्या ताईच्या वेळी शक्य नव्हतं. पण निवडायला मुभा देणं आणि निवडायला शिकवणं या दोन गोष्टी आहेत. बहुतेक जण टोपलीतून तेच उचलतात जे बाजूचा मित्र उचलतो.

कॉलेज न बघताच कॉलेजात

आता नागपुरातल्या एका उघड गुपिताबद्दल बोलू. आपल्यापैकी अनेकांनी, खासकरून सायन्सवाल्यांनी, ज्युनिअर कॉलेज बघितलेलंच नसतं. ॲडमिशन शहराबाहेरच्या एखाद्या कॉलेजात, दिवस नीट-जेईईच्या क्लासमध्ये. कॉलेजला जायचं ते फॉर्मवर सही करायला आणि प्रॅक्टिकलला. याला आपण ‘टाय-अप’ म्हणतो, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटेनासं झालंय. घरचे लाखभर रुपये क्लासला देतात, मुलगा दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ प्रश्न सोडवतो.

मेडिकल-इंजिनीअरिंगला लागले ते गेले. पण ज्यांचा नंबर लागत नाही ते बीएस्सीला येतात. त्यांच्यासाठी डिग्री कॉलेजचा पहिला दिवस हा कॉलेजचाच पहिला दिवस असतो. लायब्ररीचं कार्ड कधी काढलेलं नाही, प्रयोगशाळेत ब्युरेट कधी हातात धरलेली नाही, सरांना वर्गाबाहेर जाऊन शंका विचारलेली नाही. वर डोक्यात एक हरल्याची भावना. मग सवय असते तेच होतं. कॉलेजला दांडी आणि दुसऱ्या कुठल्या तरी परीक्षेचा क्लास. हजेरीचा ७५ टक्क्यांचा नियम आठवतो तो फॉर्म अडला की.

अशा मुलाची पाच वर्षं होतात, हातात पदवी येते आणि तो कॉलेजात कधी बसलेलाच नसतो. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, युवा महोत्सव, वादविवाद, एखाद्या प्राध्यापकाशी जमलेली ओळख, हे सगळं त्याच्या आयुष्यातून गळालेलं असतं. याला मुलांनाच दोष देणं सोपं आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला ‘कॉलेज म्हणजे सही करायची जागा’ हे आपण मोठ्यांनीच शिकवलंय.

कॉलेजांना एक सांगणं

म्हणून पहिलं म्हणणं डिग्री कॉलेजांकडे आहे. यूजीसीनं नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रम आखून दिलाय. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याचं काय होतं ते आपण बघतो. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचं दीड तासाचं भाषण, समोसा आणि सुटी. त्या दीड तासात परीक्षा फॉर्म कसा आणि कधी भरायचा, क्रेडिटचा आयडी कसा काढायचा, महाडीबीटीवर अर्ज कसा करायचा एवढं तीनच गोष्टींचं दाखवून दिलं तरी पहिल्या वर्षातला निम्मा गोंधळ थांबेल. आणि नोटीस बोर्डावर लावायचीच असेल तर लावा, पण तीच वर्गाच्या ग्रुपवर मराठीतही टाका.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. "अठरा वर्षांचे झालात, मतदान करता, आता काय बोट धरून चालवायचं?" हे मला अर्धं पटतं. स्वतःची मुदत स्वतः सांभाळायला कधीतरी शिकावंच लागतं, मी तर विलंब शुल्क भरून शिकले. पण खेळाचे नियम सांगणं म्हणजे बोट धरणं नव्हे. ज्याच्या घरी दादा-ताई आधीच कॉलेज करून गेलेत त्याला हे नियम जेवताना कळतात. काटोल, उमरेड किंवा देवरीच्या एखाद्या गावातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच पदवीच्या मुलीला ते कोण सांगणार? तिच्या बाबतीत नियम माहीत नसणं हा आळस नसतो. तिचं नुकसानही मोठं असतं. बारावीत मिळत होती म्हणून स्कॉलरशिप आपोआप पुढे चालेल असं ती धरून बसते. पण पदवी हा नवा अभ्यासक्रम, त्यासाठी अर्ज नव्यानं करावा लागतो. मुदत गेली की त्या वर्षाचे पैसे गेले, आणि अनेक घरांमध्ये पैशासोबत मुलीचं शिक्षणही थांबतं.

दुसरं म्हणणं सरकारकडे. अनेक कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललेत. तास संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजला पळावं लागतं. विषयांची टोपली कितीही मोठी केली तरी शिकवणारा माणूस आवारात नसेल तर ती रिकामीच राहणार.

आणि आपल्याला काही प्रश्न

कॉलेज आणि सरकार बदलायची वाट बघत बसलो तर आपली तीन वर्षं निघून जातील. तेव्हा यंदा ‘तिथंच’ म्हणण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. अकरावीला एका ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरले की काम झालं होतं. आता तसं नाही. बीबीए, बीसीए, बीएमएससारख्या कोर्सना २०२४-२५ पासून राज्याची सीईटी आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी प्रत्येक कॉलेजची दारं स्वतः ठोठवावी लागतात. मग ठोठवताना विचाराच.

हे कॉलेज संलग्नित आहे की स्वायत्त? संलग्नित असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची. स्वायत्त असेल तर दोन्ही कॉलेजचं, पदवीवर नाव मात्र विद्यापीठाचंच.

मला हवा तो कोर्स अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत साधं बीएस्सी अनुदानित आणि कॉम्प्युटरचं विनाअनुदानित असू शकतं, आणि दोन्हींच्या फीमध्ये बराच फरक पडतो. कॉलेजचं नाव बघून फीचा अंदाज बांधू नका.

माहितीपत्रकात छापलेले मेजर-मायनर इथं खरंच शिकवले जातात का, आणि त्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का? हे ऑफिसात कळणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचारा, पाच मिनिटांत कळेल.

फी माफी मला लागू होते का? आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी २०२४-२५ पासून आलेली सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आपला कोर्स त्यात बसतो का हे प्रवेशाआधी विचारा, प्रवेशानंतर नाही. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी करून ठेवा.

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला. मी या कॉलेजात का जातोय? "बारावीही इथंच केली" हे उत्तर चालेल, जर त्यासोबत दुसरं एखादं कारण देता येत असेल. लायब्ररी चांगली आहे, अमुक मॅडम शिकवतात, घरापासून मेट्रो थेट जाते आणि रोज येता येईल, यातलं काहीही चालेल. रोज येता येणं हे तर फार चांगलं कारण आहे.

तिथंच जायचं असेल तर जा. माझी त्याला हरकत नाही, मीही तिथंच गेले आणि आज त्याचा पस्तावा नाही. फक्त जूनमध्ये त्या दोन खिडक्यांच्या मधे टीसी हातात घेऊन उभे असाल तेव्हा एक मिनिट थांबा. मागच्या खिडकीवर तुमची काळजी दुसरं कोणीतरी घेत होतं. पुढच्या खिडकीवर पावती घेतली की नोटीस बोर्ड कुठं आहे ते विचारा आणि आल्याच्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. तेराव्या वर्गात कोणी बोर्ड वाचत नाही. पहिल्या वर्षात वाचावा लागतो.